रक्त कमी, लोह जास्त

सोमवार हा आमच्या शाळेत निळ्या गोळीचा वार. जेवणाची सुट्टी संपली की वर्गात एकेकाच्या हातावर गोळी ठेवायची, आपल्यासमोर गिळायला लावायची आणि रजिस्टरला खूण करायची. गोळी जिभेखाली धरून नंतर नळावर थुंकणारे वस्ताद कोण, हे हळूहळू कळायला लागतं. सहावीपासून पुढच्या मुलांसाठी हा साप्ताहिक कार्यक्रम २०१२-१३ च्या सुमारास सुरू झाला. गोळीत लोह ६० मिलिग्रॅम, फॉलिक अ‍ॅसिड ५०० मायक्रोग्रॅम. पहिली ते पाचवीची गोळी गुलाबी असते, तिच्यात लोह ४५. गरोदर बाईची लाल. मुलांची भीती जावी म्हणून शिक्षकांनीही त्यांच्यादेखत एखादी घ्यावी, असं आम्हाला सांगितलेलं आहे. बाकीच्या बाई घेतात. मी घेत नाही. मग वर्षातून एकदा तरी कुणी धीट पोरगी विचारतेच, "बाई, शाळेत सगळ्यात फिकट तुम्ही, आणि तुम्हीच कशी घेत नाही?"

प्रश्न बिनतोड आहे. माझं हिमोग्लोबिन साडेआठच्या आगेमागे असतं. बाईमाणसाचं १२ च्या वर असावं म्हणतात, म्हणजे मी बरीच खाली. पण माझ्या यकृतात लोह इतकं साठलंय, की ते बाहेर काढायला मी रोज औषध घेते. पोरींना मी सांगते, "मला वेगळी गोळी आहे." ते खरंच आहे. फक्त ती गोळी हिच्या बरोबर उलटं काम करते, एवढं सांगत बसत नाही.

निळ्या गोळीची मी चेष्टा करत नाही, हे आधीच सांगून ठेवते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ५७ टक्के रक्तक्षय असलेल्या निघाल्या. त्यातल्या पुष्कळ जणींना लोहच कमी पडतं. माझ्या वर्गातल्या मुली प्रार्थनेला भोवळ येऊन पडतात, त्यांना ती गोळी हवीच. माझी अडचण एवढीच, की "रक्त कमी" हे शब्द कानावर पडले की आपल्याकडे डॉक्टरपासून शेजारच्या काकूंपर्यंत सगळ्यांच्या तोंडून एकच उत्तर निघतं. आणि माझ्या बाबतीत ते उत्तर विषासारखं आहे.

माझ्या आजाराचं नाव पायरुव्हेट कायनेज डेफिशियन्सी. डॉक्टर पीके म्हणतात, मीही तेच म्हणते. तांबड्या पेशीला स्वतःचं केंद्रक नसतं, ऊर्जा बनवणाऱ्या मायटोकॉन्ड्रियाही नसतात. साखर फोडून जी काही थोडी ऊर्जा मिळेल तिच्यावर तिला दिवस काढायचे असतात. त्या साखर फोडण्याच्या अगदी शेवटच्या पायरीवर जे विकर (एन्झाइम) लागतं, ते माझ्यात बिघडलेलं आहे. ऊर्जा नाही म्हटल्यावर पेशीतलं पोटॅशियम आणि पाणी बाहेर गळतं, ती आक्रसते, ताठर होते आणि प्लीहा तिला पकडून मोडीत काढते. धडधाकट माणसाची तांबडी पेशी १२० दिवस जगते. माझ्या पेशींची मजल त्याच्या आसपासही जात नाही. १९६१ साली व्हॅलेंटाइन, तनाका आणि मिवा या संशोधकांनी हा दोष पहिल्यांदा नेमका दाखवून दिला. म्हणजे माझ्या आईच्या जन्माच्या वेळी या आजाराला नावसुद्धा नव्हतं.

माझा जन्म कऱ्हाडजवळच्या एका गावातला. जन्मले आणि दुसऱ्याच दिवशी हळदीसारखी पिवळी पडले. मिरजेला नेऊन अंगातलं रक्त बदलावं लागलं. वाचले, पण डोळ्यांतला पिवळेपणा कायमचा राहिला. पेशी फुटल्या की हिमोग्लोबिनचं बिलिरुबिन होतं, ते डोळ्यांत उतरतं. यकृताचा त्यात काही दोष नसतो. पण पिवळे डोळे म्हणजे कावीळ, यापुढे गावात कुणाची चर्चा जात नसे. मग काविळीची माळ आली. काड्यांची ती माळ डोक्यावर टोपीसारखी बसवतात. ती दिवसागणिक मोठी होत गळ्यात येते, मग पोटावर उतरते, आणि पायांतून निघून गेली की कावीळ गेली. काड्या सुकून बारीक झाल्या की गाठी ढिल्या पडतात आणि माळ लांबते, एवढंच ते गुपित. माझीही माळ रीतसर उतरली. डोळे होते तसेच राहिले. दुसऱ्या एका गावात चुन्याच्या निवळीत हात धुवायला लावले. पाणी पिवळं झालं, सगळ्यांनी हुश्श केलं. उसाचा रस तर इतका पाजला, की अजून रसवंतीच्या घुंगरांचा आवाज आला की मी रस्ता बदलते. आमचा मुलूख उसाचा, त्यामुळे रस फुकट आणि मुबलक.

पोटात डाव्या बाजूला फुगवटा दिसायला लागला, तेव्हा आजी म्हणाली, "पोरीची पानथरी वाढलीया." पानथरी म्हणजे प्लीहाच. तिनं हात लावून जे सांगितलं तेच पुढे सोनोग्राफीत निघालं. हिमोग्लोबिन पाच-सहावर यायचं, मग रक्त चढवायचं. त्या काळात रक्तपेढीतून पिशवी घ्यायची तर बदल्यात रक्तदाता आणून उभा करावा लागे. दादा, म्हणजे माझे वडील, साखर कारखान्यात कामाला होते. त्यांच्याकडे एक लांबट वही होती, पगारपत्रकाच्या मागच्या कोऱ्या बाजू शिवून केलेली. तिच्यात रक्तगटाप्रमाणे माणसांची नावं. नावापुढे शेवटचं रक्त कधी दिलं त्याची तारीख, कोण बॉयलरवर, कोण गव्हाणीवर, कोणाची पाळी कधी सुटते. गळीत हंगामात माणूस सुटणं मुश्कील, म्हणून दिवाळीच्या आधीच पुढच्या चार महिन्यांचे दाते ठरलेले असत. काही नावांपुढे दादांनी "न विचारता आला" असं लिहिलंय. काहींपुढे फक्त फुली.

त्यातले दोघे-तिघे अजून बाजारात भेटतात. म्हणतात, "पोरी, आमचं रक्त हाय तुझ्यात." खरं तर त्यांचं रक्त पेढीत बदली म्हणून जमा व्हायचं आणि मला चढायची ती पिशवी आणखी कुणाची तरी असायची. मी ते बोलून दाखवत नाही. मात्र एक गोष्ट खरी. ती कोणाचीही असो, त्या पिशव्यांतलं लोह माझ्यात अजून आहे.

निदान झालं परळला, केईएमच्या आवारातल्या रक्तशास्त्राच्या राष्ट्रीय संस्थेत. १९९२ साल, मी आठ वर्षांची. निदान सोपं नव्हतं. रक्त चढवल्यावर लगेच नमुना घेतला तर मोजलं जातं ते दात्याच्या पेशींमधलं विकर, आणि ते असतं ठणठणीत. म्हणून पुढचं रक्त शक्य तितकं लांबवा, मग या, असं सांगितलं गेलं. आई मला घेऊन एसटीनं निघाली तेव्हा मला चार पावलं चालवत नव्हतं. दादरहून परळपर्यंत तिनं मला कडेवर नेलं, आठ वर्षांच्या घोडीला. रिपोर्ट आला तेव्हा डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "नवरा-बायको नात्यातले का?"

होते ना. दादांनी मामाची मुलगी केली होती. आमच्याकडे त्यात विचारण्यासारखं काही नसतं. मामाच्या मुलीवर भाच्याचा हक्कच. माझी आजी आणि आईचे वडील सख्खे बहीणभाऊ. त्यांच्या आईबापांपैकी कोणा एकाकडे हे बिघडलेलं जनुक होतं, दोघा भावंडांत आलं, तिथून दोन वाटांनी खाली उतरलं आणि माझ्यात येऊन एकमेकांना भेटलं. एका बाजूनं आलं तर माणूस वाहक, त्याला काहीच होत नाही. दोन्हीकडून आलं तर आजार. दर बाळंतपणाला चारात एक ही शक्यता. माझ्या धाकट्या भावाला काही नाही. घरी हे कळल्यावर दोन्ही बाजूंनी एकच वाक्य आलं, "आमच्या घराण्यात असलं काही नाही." घराणं एकच होतं, हे कोणाच्या लक्षात आलं नाही.

अकराव्या वर्षी प्लीहा काढली. पित्ताशयात खडे झाले होते, तेही त्याच वेळी काढून टाकलं. सतत पेशी फुटत राहिल्या की त्या बिलिरुबिनचे खडे बनतात. पानथरी गेल्यावर हिमोग्लोबिन दोनेक ग्रॅमनं वर चढलं आणि तिथेच टिकलं. रक्त चढवणं थांबलं. त्या बदल्यात एक नियम जन्माला चिकटला: ताप आला की वाट बघायची नाही, त्याच दिवशी दवाखाना गाठायचा, कारण प्लीहा नसलेल्या माणसाला काही जंतू काही तासांत गारद करतात. बाकी मी बरी झाले. निदान सगळ्यांचा तसा समज झाला. शाळेत जाऊ लागले, सायकल शिकले, डी.एड. केलं. दादांनी ती वही माळ्यावर टाकली.

खरी गडबड इथून सुरू झाली आणि ती पुढची अठरा वर्षं कुणालाच दिसली नाही.

कारण आता सगळ्यांना दिसत होता तो माझा फिकटपणा, आणि तो घालवायचा चंग घरादारानं बांधला. आईनं लोखंडी कढई काढली. तिच्यात केलेली भाजी काळपट व्हायची, ती जितकी काळी तितकं आईला समाधान. मामा दर रविवारी मटणाबरोबर काळीज वेगळं बांधून आणायचे, ते फक्त माझ्या पानात. बीट, खजूर, गूळ-शेंगदाणे, मनुका. ज्यांच्याकडे आम्ही नेहमी जायचो त्या डॉक्टरांनी लोहाचं टॉनिक दिलं. त्यांच्या हाताखाली आमची अर्धी गल्ली लहानाची मोठी झालेली, तेव्हा शंकेला जागाच नव्हती. ते टॉनिक प्यायलं की दात काळे पडायचे. गरोदरपणात लाल गोळ्या. माझ्या फाईलवर आजाराचं नाव लिहिलेलं होतं, तरी हिमोग्लोबिनचा आकडा बघितल्यावर पुढचं पान उलटायची गरज कुणाला वाटली नाही. बाळंत झाले तेव्हा अळिवाचे लाडू. सासूबाई, आई आणि नणंद, तिघींनी वेगवेगळे डबे पाठवले होते. इतकं प्रेम, आणि त्यातलं प्रत्येक ग्रॅम थेट यकृताला.

२०१३ साली पुण्यात एका रक्तविकारतज्ज्ञ डॉक्टरांकडे गेले, ते सारखं थकायला होतं म्हणून. त्यांनी फेरिटिन करायला लावलं, म्हणजे अंगात लोहाचा साठा किती ते सांगणारी रक्ततपासणी. बाईचं फेरिटिन साधारण दीडशेच्या आत असतं. माझं निघालं २,६४०. त्यांनी विचारलं, "मागे कधी केलं होतं?" कधीच नाही. लहानपणी रक्त चढवलं होतं हे सगळ्यांना माहीत होतं, पण चढवणं थांबलं म्हणजे लोहाचा प्रश्नही मिटला, असं धरून चाललं गेलं.

लोहाचा हिशोब साधा आहे आणि क्रूर आहे. शरीराला लोह आत घ्यायचे मार्ग ठाऊक आहेत, मुद्दाम बाहेर टाकायचा एकही नाही. त्वचेचा कोंडा, आतड्याच्या झडणाऱ्या पेशी, यांतून दिवसाला एक-दोन मिलिग्रॅम आपोआप जातं, तेवढंच. बायकांचं पाळीतून थोडं जास्त. आणि रक्ताच्या एका पिशवीत लोह असतं २०० ते २५० मिलिग्रॅम. एका पिशवीतलं लोह जायला महिनोन्‌महिने लागतात, तेही दुसरीकडून नवं आलं नाही तर.

पण माझं जास्तीचं लोह नुसतं पिशव्यांतून आलेलं नव्हतं. हे मला डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं. यकृत हेप्सिडिन नावाचं एक संप्रेरक बनवतं. लोह पुरेसं झालं की हेप्सिडिन वाढतं आणि आतड्यातून लोह शोषणं बंद होतं. माझी अस्थिमज्जा मात्र रात्रंदिवस पेशी बनवत असते, कारण बनवल्या की फुटतात. इतकं काम करणारी मज्जा एरिथ्रोफेरॉन नावाचा संदेश सोडते (हा २०१४ मध्ये सापडला), आणि तो संदेश हेप्सिडिन दाबून टाकतो. गोदाम खच्चून भरलेलं असताना गल्ल्यावरचा माणूस मागे वळून न बघता नवा माल मागवत राहतो, तशातली गत. त्यामुळे रक्त एकदाही न चढवलेल्या पीकेच्या रुग्णांतही लोह साठतं. जे आतडं शहाणपणानं थांबायला हवं, ते माझ्यात लाडवातलं लोह दोन्ही हातांनी गोळा करत होतं.

साठलेलं लोह कुठे जातं? आधी यकृतात. मग थायरॉइड, स्वादुपिंड, पिट्युटरी आणि हृदय. यकृत कडक होत जातं, साखर वाढते, मुलगे-मुली वयात यायला उशीर होतो, हृदयाचे ठोके चुकतात. बाहेरून मात्र काही कळत नाही. माझी कातडी थोडी राखट-तांबूस झाली होती, ती बघून बायका म्हणायच्या, "आता जरा रंग आला हो अंगावर!" तो रंग लोहाचा होता.

रक्त काढून लोह कमी करता येतं, काही आजारांत तसंच करतात. माझ्याकडे काढायला रक्त कुठे आहे?

मग एमआरआय. फेरिटिनचा आकडा ताप, सूज, कशानंही वरखाली होतो, म्हणून यकृतात आणि हृदयात प्रत्यक्ष किती लोह आहे ते टी-टू-स्टार नावाच्या तपासणीत बघतात. लोह असलेल्या भागातून येणारा चुंबकीय संकेत लवकर विझतो. जितका लवकर विझेल तितकं लोह जास्त. बोगद्यात आडवं पडल्यावर कानातल्या हेडफोनमधून एक बाई हिंदीत सांगत राहते, सांस लीजिए, छोडिए, रोकिए. श्वास सोडून थांबायचं असतं. साडेआठ हिमोग्लोबिनच्या माणसाला श्वास सोडून थांबायला सांगणं म्हणजे गंमतच. हृदयाचा आकडा २० मिलिसेकंदांच्या वर हवा. माझा ३१ आला. तिथे अजून पोहोचलं नव्हतं. यकृतात मात्र दर ग्रॅमला ११ मिलिग्रॅम. दोनच्या आत असायला हवं होतं.

औषध डेफेरासिरॉक्स. लोह बाहेर काढणाऱ्या औषधांतलं सगळ्यात जुनं, डेफेरॉक्सामिन, पोटाच्या कातडीखाली सुई ठेवून छोट्या पंपानं रात्रभर द्यावं लागतं, आठवड्यातल्या पाच-सहा रात्री. थॅलेसेमियाच्या (वारंवार रक्त चढवावं लागणारा रक्ताचा आजार) मुलांच्या एका पिढीनं बालपण त्या पंपासोबत काढलंय. त्यांच्या मानानं माझी चैन. सकाळी उठून काचेच्या ग्लासात अर्धा ग्लास पाणी घ्यायचं, त्यात गोळ्या टाकून ढवळत बसायचं. त्या साखरेसारख्या विरघळत नाहीत, खडूच्या पाण्यासारखं गढूळ होतं. एका दमात प्यायचं. तळाशी पांढरा थर राहतो, त्यात पुन्हा थोडं पाणी घालून, हलवून तेही प्यायचं. मग निदान अर्धा तास पोटात काही नाही. सुरुवातीचे महिने पोट बिघडलेलं, पहिल्या तासाला फळ्याकडे तोंड करून मी कळ जिरवलेली आहे. मूत्रपिंडावर ताण येतो, म्हणून क्रिएटिनिन दर महिन्याला, यकृताच्या चाचण्या, वर्षातून एकदा डोळे आणि कान. पकडलेलं लोह शौचावाटे जातं. ते जाताना दिसत नाही, वजन कमी होत नाही, बरं वाटत नाही. आज गोळी घेतली नाही तर उद्या काहीच होत नाही. जे व्हायचं ते दहा वर्षांनी. असलं औषध नियमानं घेणं सगळ्यात अवघड. मधुमेहाची माणसं हे समजू शकतील.

खाण्याचं फार स्तोम माजवू नका, असं डॉक्टरांचं म्हणणं. पण काळीज बंद, टॉनिक बंद, लोखंडी कढई आईनं स्वतः भंगारवाल्याला दिली. ती देताना तिचा चेहरा मी पाहिलाय. त्याबद्दल आम्ही दोघी कधी बोललो नाही. क जीवनसत्त्वानं लोह जास्त शोषलं जातं, म्हणून पोह्यांवर लिंबू नाही. हे दुःख मोठं आहे. उलट चहानं शोषण कमी होतं. सगळ्या जगाला सांगतात, जेवणावर चहा पिऊ नका. मला डॉक्टरांनी सांगितलं, जेवताना चहा घ्या. भाकरी, पिठलं आणि कपभर चहा असं ताट वाढून घेतलं की शाळेतल्या सहकारी बाई अजून बघत राहतात.

एक गोष्ट मात्र या आजारानं पदरात घातलीय. ज्या पायरीवर माझं विकर अडतं, तिच्या मागे डीपीजी नावाचं एक संयुग तुंबतं. ते हिमोग्लोबिनला पेशींपर्यंत ऑक्सिजन जास्त सहज सोडायला लावतं. त्यामुळे माझं साडेआठ हे दुसऱ्याच्या साडेआठपेक्षा जास्त कामाचं असतं. नव्या लॅबमध्ये रक्त दिलं की संध्याकाळी हमखास फोन येतो. "ताई, झोपून आहात का? बरोबर कोणी आहे ना?" मी जिन्यात असते, हातात भाजीची पिशवी.

सरकारदरबारी माझं अस्तित्व नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारचं अपंगत्व मोजलंय, त्यात रक्ताचे तीन: थॅलेसेमिया, हिमोफिलिया, सिकलसेल. मी दाखला मागायला गेले तिथल्या माणसानं यादीवरून दोनदा बोट फिरवलं आणि विचारलं, "यातलं कुठलं लिहू?" जणू मी पसंत करून सांगायचं. पोटात तोच साठा, गोळी तीच, मशीन तेच, पण नाव वेगळं. लोह घातलेल्या फोर्टिफाइड अन्नाच्या पिशवीवर थॅलेसेमियाच्या रुग्णांसाठी इशारा छापायची अट २०१८ च्या नियमांत होती. तिथेही आमची जात नव्हती. पुढे शाळेच्या खिचडीलाही तसाच लोह घातलेला तांदूळ येऊ लागला. चव बघायची पाळी माझ्यावर आली की मी एक घास घेते. एका घासानं काही होत नाही.

२०२२ च्या फेब्रुवारीत अमेरिकेत मिटापिव्हॅट नावाच्या गोळीला मान्यता मिळाली. पीकेसाठी खास बनलेलं हे पहिलं औषध. बिघडलेल्या विकरालाच चिमटा काढून कामाला लावतं. रक्त न लागणाऱ्या रुग्णांवरच्या मुख्य चाचणीत गोळी घेणाऱ्यांपैकी ४० टक्क्यांचं हिमोग्लोबिन चांगलं दीड ग्रॅमनं वाढून टिकलं, नुसती साखरगोळी घेणाऱ्यांपैकी कोणाचंच नाही. पेशी जास्त जगल्या तर मज्जेची हाकाटी थांबेल, मग आतडंही आवरतं घेईल. बातमी वाचून मी रात्रभर जागी होते. मग माझा जनुकीय रिपोर्ट काढून बसले. त्या बिघडलेल्या जनुकाच्या माझ्या दोन्ही प्रतींत १४३६ व्या जागी एकच बदल आहे, आर-४७९-एच. आणि ज्यांच्यात तो दोन्हीकडून आलाय त्यांना त्या चाचणीत घेतलंच नव्हतं.

हाच बदल अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात, मिफ्लिन काउंटीच्या अमिश लोकांत आढळतो. घोडागाडीतून फिरणारी, वीज घरात न घेणारी, आपापल्यातच सोयरीक करणारी ती माणसं. त्यांच्यातल्या कुणा बाईच्या यकृतात आणि माझ्या यकृतात एकाच अक्षराच्या चुकीनं लोह साठतंय, याचं मला उगाच बरं वाटलं. ती बाई चहा पिते की नाही, कोण जाणे.

माझी मुलगी वाहक आहे, ते ठरलेलंच होतं. तिला त्रास नाही. नवरा माझ्या नात्यातला नव्हे. लग्नाआधी त्याला सगळं सांगितलं होतं, त्यानं आजाराचं नाव वहीत लिहून घेतलं आणि एकच विचारलं, "याला स्पेलिंग काय?" मुलीच्या आजीच्या मते तिला थोडी तरी लोहाची गोळी द्यायला हवी. आधी फेरिटिन करू, असं मी म्हणते. आता घरात तो शब्द हळद-मीठासारखा वापरला जातो.

गेल्या उन्हाळ्यात मामांनी त्यांच्या धाकटीचं स्थळ पक्कं केलं, आमच्या आत्याच्या मुलाशी. घरातल्या घरात, देणंघेणं नाही, सगळे खूश. मी दोघांचीही चाचणी करा म्हणाले. आमचा बदल माहीत असल्यामुळे साधं रक्त पाठवायचं असतं, एकच जागा तपासायची. मामी फोनवर बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "तुझं झालं म्हणून सगळ्यांचं होतं का गं?" आत्या म्हणाली, पोराला सुईची भीती वाटते. पोरगा पोलीस भरतीची तयारी करणारा. शेवटी दादांनी गाडी केली आणि दोघांना स्वतः घेऊन पुण्याला आले. ते मोडायची कुणाची हिंमत नव्हती.

मुलगी वाहक निघाली, मुलगा नाही. लग्न मार्गशीर्षात झालं, जोरात झालं. मी करवली होते. मामी अजून माझ्याशी कामापुरतंच बोलतात. पण परवा त्यांच्या शेजारणीच्या घरी नात्यातच सोयरीक ठरली, तेव्हा माझा नंबर त्यांनीच दिला.